चार वेतं, एक वही : जातिवंत पिल्लांच्या वाढीच्या नोंदी

८ जानेवारी

पुढच्या दीड महिन्यात ओळखीतल्या चार घरी माद्या व्यायच्या आहेत. एक लॅब्रॅडोर, एक स्टँडर्ड डॅक्सहुंड, एक ग्रेट डेन आणि एक यॉर्कशायर टेरियर. चारही घरांनी पिल्लं नियमित मोजू द्यायला होकार दिला आहे. असा योग पुन्हा येणार नाही, म्हणून आजपासून वही सुरू.

प्रौढ यॉर्की तीन किलोच्या आसपास, प्रौढ डेन साठ-सत्तर किलोचा. प्राणी एकच, तरी वीस पटींहून जास्त फरक. तो जन्मतः किती असतो आणि नंतर कधी, कसा पडत जातो, हे मला आकड्यांत बघायचं आहे. पिल्लू घरी आणलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "बरोबर वाढतंय ना?" उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या कुत्र्याकडे बघून दिलं जातं, आणि तो कुत्रा दुसऱ्याच जातीचा असतो. पिल्लू कशाशी ताडून बघायचं, हे या वहीतून निघावं अशी इच्छा आहे.

साहित्य : एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, मोठ्या वजनासाठी जमिनीवरचा सपाट काटा, शिंप्याची कापडी टेप, प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (बोथट जबड्यांचा, धातूचा नको), आणि ओळखीसाठी रंगीत लोकरीचे दोरे.

१५ जानेवारी

काल रात्री लॅब व्याली. आठ पिल्लं, सगळी काळीभोर. वजनं ३६० ते ४५० ग्रॅमच्या दरम्यान.

काट्याने पहिल्याच दिवशी दमवलं. पिल्लू वळवळतं, आकडा सतत पळतो, काटा स्थिरच होत नाही. उघड्या ताटलीत ठेवलं तर पिल्लू काठाकडे सरकतं आणि पडायची भीती. शेवटी खोल प्लास्टिकचा डबा घेतला, तळाशी शेकलेला टॉवेल घातला आणि काटा शून्यावर आणून मग पिल्लू आत ठेवलं. उबेत पिल्लू दहा-पंधरा सेकंदांत शांत होतं आणि आकडा थांबतो. टॉवेल कोमट असणं सोयीपुरतं नाही. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःचं तापमान नीट राखता येत नाही, थंड भांड्यात ठेवलेलं पिल्लू पटकन गारठतं.

मादी समोर असेल तर एका वेळी एकच पिल्लू उचलायचं, आणि ते तिला दिसेल असंच ठेवायचं. लॅबच्या घरच्या ताईंनी हे आधीच बजावलं होतं : "सगळी एकदम उचललीत तर ती पुढच्या वेळी तुम्हाला पेटीजवळ उभंही करणार नाही."

१९ जानेवारी

पहिल्या चोवीस तासांत बहुतेक पिल्लांचं वजन थोडं घटलं. दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते, त्यामुळे चिंता नव्हती. नंतर सात पिल्लं चढू लागली. पिवळ्या दोऱ्याचं मात्र दुसऱ्या दिवशीही खालीच, तिसऱ्या दिवशीही तिथेच. नुसतं बघून हे कुणालाच कळलं नव्हतं. ते बाकीच्यांसारखंच चिकटून पीत होतं, निदान तसं दिसत होतं. डॉक्टरांना दाखवलं. टाळू फाटलेली नाही, ताप नाही, फक्त भावंडं त्याला आचळावरून ढकलतात. आता ताई दर वेळी त्याला आधी मागच्या आचळांना लावतात आणि बाकीच्यांना थोडा वेळ दूर ठेवतात. दोन दिवसांत त्याच्या वजनाची रेघ वर वळली.

हे जमणाऱ्या प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. जन्मापासून दोन आठवडे रोज वजन. पिल्लाने साधारण सात ते दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट करायला हवं. काट्यावर जे सकाळी दिसतं ते डोळ्याला संध्याकाळी दिसतं, आणि इतक्या लहान जिवाच्या बाबतीत तो वेळ मोलाचा असतो.

२६ जानेवारी

लोकरीचे दोरे बाद. मादी चाटता चाटता ओढून काढते, शिवाय मान रोज जाड होत असल्याने गाठ आवळली जाण्याचा धोका. आज सकाळी दोन पिल्लांचे दोरे पेटीच्या कोपऱ्यात सापडले आणि हिरवं कोणतं, निळं कोणतं ते सांगता येईना. वजनात दोघांमध्ये जेमतेम दहा ग्रॅमचा फरक, त्यामुळे आकड्यांवरूनही ओळख पटेना. दोघांच्या मागच्या काही दिवसांच्या नोंदी एकत्र सरासरीत टाकल्या, वेगळ्या वापरता येणार नाहीत.

आता बारीक वेल्क्रोच्या पट्ट्या आणल्या आहेत. रोज वजनाच्या वेळी सैल करून पुन्हा लावायच्या, पट्टीखाली एक बोट सहज जायला हवं. शिवाय प्रत्येकाच्या छातीवरच्या आणि पंजांवरच्या पांढऱ्या केसांचा फोटो. काळ्या लॅबच्या छातीवर कधी कधी चार-पाच पांढरे केस असतात, तेवढे पुरतात.

खुणांवर विसंबताना एक लक्षात ठेवायचं. काही जातींत त्या जन्मतः नसतातच. डाल्मेशियनची पिल्लं पांढरीच जन्मतात, ठिपके दहा-चौदा दिवसांनी उमटू लागतात. तिथे पट्टीला पर्याय नाही.

८ फेब्रुवारी

डॅक्सहुंड २९ जानेवारीला व्याली, डेन २ फेब्रुवारीला. डेनची पिल्लं ५६० ते ६८० ग्रॅम, डॅक्सहुंडची सव्वादोनशेच्या आसपास.

आज डेनच्या पिल्लांचा सहावा दिवस. लॅब आणि डॅक्सहुंडचीही मापं मुद्दाम सहाव्या दिवशीच घेतली होती. कारण असं, की चार्ल्स डार्विनने नेमकं हेच केलं होतं. बुलडॉग आणि ग्रेहाउंड यांची पिल्लं जन्मतःच आईबापांइतकी वेगळी असतात असं त्याला पाळणाऱ्यांनी सांगितलं. त्याने मोठे कुत्रे आणि त्यांची सहा दिवसांची पिल्लं प्रत्यक्ष मोजली, तर पिल्लांमध्ये प्रमाणांचा तो फरक अजून पुरता आलेलाच नव्हता. हे १८५९ साली छापून आलं आहे. म्हणून मीही सहावा दिवस धरला.

मापं : कोपरापासून पंजाच्या टोकापर्यंत पुढचा पाय, छातीच्या हाडापासून पुठ्ठ्यापर्यंत (कुल्ल्यापर्यंत) धड, डोक्याची लांबी, आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकापर्यंत मुस्कट. सगळं कॅलिपरने. डोळे अजून मिटलेले आहेत, पण कोपऱ्याची रेघ दिसते.

तीन जातींची पिल्लं शेजारी शेजारी आणणं शक्य नव्हतं, आणि ते करूही नये, संसर्गाचा धोका असतो. मी हात धुऊन, कपडे बदलूनच एका घरातून दुसरीकडे जातो. पण वहीत आकडे शेजारी आले आणि चित्र स्पष्ट झालं. लॅबच्या पिल्लाचा पुढचा पाय धडाच्या साधारण एक तृतीयांश. डेनचा जवळपास तेवढाच. डॅक्सहुंडचा थोडा कमी, पण नुसत्या डोळ्याने पाहिलं तर वेगळा वाटू नये इतकाच. मुस्कट तिन्हींचं आखूड आणि बोथट. वजन सोडलं तर तिघं एकाच साच्यातली.

२२ फेब्रुवारी

यॉर्की १६ तारखेला व्याली. तीनच पिल्लं, सगळ्यात लहान ९८ ग्रॅमचं. काळी, डोळ्यांवर आणि पायांवर तांबूस. मोठेपणीच्या पोलादी निळ्या रंगाचा मागमूसही नाही.

इथे लॅबसाठी बसवलेली पद्धत कोलमडली. १०० ग्रॅमच्या पिल्लाने पोटभर दूध प्यायलं की काट्यावर पाच-सहा ग्रॅम वाढतात, आणि दिवसाची खरी वाढही साधारण तितकीच. म्हणजे एक दिवस दूध प्यायच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी नंतर वजन केलं तर आकडा काहीही सांगत नाही. पहिल्या काही दिवसांचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा आला तो यामुळेच. आता वेळ ठरवली : सकाळी, दूध पाजण्याआधी, आणि शू-शी करवून झाल्यावर. डेनच्या पिल्लाला पाच ग्रॅमने फरक पडत नाही, तरी सगळ्या घरांत एकच नियम ठेवला आहे.

आलेखाचाही घोळ झाला. चारही जाती एकाच कागदावर किलोमध्ये काढल्या तर यॉर्कीची रेघ तळाशी आडवी पडून राहते, जणू वाढतच नाही. लॉग स्केल घेतला. त्यात समान चढ म्हणजे समान पट, मग वजन ग्रॅममध्ये असो की किलोमध्ये. तसं काढल्यावर यॉर्कीची रेघही डेनइतकीच तिरकी उभी राहिली. पहिल्या आठवड्यांत सगळीच पिल्लं जवळपास सारख्याच पटीने वाढत आहेत. ज्यांना स्प्रेडशीटमध्ये हे करायचं असेल त्यांनी उभ्या अक्षाच्या पर्यायांत लॉग निवडायचा, बाकी काही बदलावं लागत नाही.

७ मार्च

पिल्लं उभी राहू लागली, म्हणजे आता उंची. कुत्र्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथे, दोन खांद्यांच्या हाडांमध्ये जो उंचवटा लागतो, तिथून जमिनीपर्यंत. डोकं वर-खाली होतं, तो उंचवटा त्या मानाने जागेवर राहतो.

टेपने मोजून पाहिलं आणि सोडून दिलं. टेप खांद्याच्या गोलाईवरून जाते, त्यामुळे उंची खरी असते त्याहून जास्त येते. आणि जास्त किती, ते पिल्लाच्या गुबगुबीतपणावर अवलंबून. जाड पिल्लू उंच दिसतं, बारीक पिल्लू बुटकं. मोजमापाचा अर्थच उलटा होतो.

उपाय सुतारकामातून आला. जाड प्लायवूडचा तळ, त्याला काटकोनात उभी स्टीलची पट्टी, आणि पट्टीवर वर-खाली सरकणारा लाकडी आडवा हात, अशी चौकट. काटकोन गुण्याने तपासला आणि स्पिरिट लेव्हलने तळ सपाट केला. आडवा हात खाली आणायचा, उंचवट्याला अलगद टेकला की स्क्रू आवळायचा, पिल्लू बाजूला घ्यायचं, मग आकडा वाचायचा. पिल्लू खाली असताना वाकून आकडा वाचायला गेलं की ते वर बघतं आणि पाठ बदलते. तळावर रबरी मॅट चिकटवली आहे. गुळगुळीत प्लायवर पाय फाकतात आणि उंची कमी भरते.

२ एप्रिल

लॅब, डॅक्सहुंड आणि डेन, तिन्हींचे आठ आठवडे पूर्ण. डेन साडेनऊ-दहा किलो, लॅब साडेसहा, डॅक्सहुंड दोनच्या थोडी वर. लॅबची बहुतेक पिल्लं नव्या घरी गेली. ताईंनी नव्या मालकांना मोजण्याची पद्धत शिकवून पाठवलं आहे, दोघे जण आकडे पाठवत राहणार आहेत. पिवळ्या पट्टीचं पिल्लू ताईंकडेच राहणार.

डॅक्सहुंडच्या पायांबद्दल माझा जो समज होता तो आकड्यांनी पार बदलला. सहाव्या दिवशी पाय धडाच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी होता. आज आठ आठवड्यांनी तो तितकाच आहे. लॅबचा मात्र वाढून धडाच्या चार दशांशांच्या पुढे गेला. डॅक्सहुंडचे पाय कुठल्या एका टप्प्यावर आखूड होत नाहीत. बाकीच्यांचे धडापेक्षा वेगाने लांब होतात आणि त्याचे धडाबरोबरच चालत राहतात. धड मात्र चांगलं भरतं. हातात धरून पाहिलं की हे नीट कळतं : छाती रुंद, पंजे मोठे, मनगटाजवळ कातडीच्या सैल घड्या. कातडी पूर्ण लांबीच्या पायाची असावी आणि हाड तेवढं नसावं, असं वाटतं.

कारण माहीत झालेलं आहे. एफजीएफ४ या जनुकाची एक जास्तीची प्रत या कुत्र्यांच्या गुणसूत्रांत शिरलेली आहे, आणि तिच्यामुळे पायांच्या लांब हाडांची वाढ लवकर आटोपते. हे २००९ साली पुढे आलं. डॅक्सहुंड, कोर्गी, बॅसेट हाउंड, सगळ्यांत तीच प्रत. २०१७ साली याच जनुकाची आणखी एक प्रत सापडली, जिचा संबंध पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होण्याशी आहे. डॅक्सहुंडला पाठीचा त्रास लवकर होतो तो मुख्यतः त्यामुळे. घरच्या लोकांना सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका असं सांगितलं. उचलताना एक हात छातीखाली, एक पुठ्ठ्याखाली, नेहमी.

२६ एप्रिल

उंचीचे आकडे पुन्हा डळमळू लागले. डेनच्या एका नराची उंची मागच्या आठवड्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरली. असं होऊ शकत नाही. चौकटीची पट्टी, तळ, काटकोन, सगळं तपासलं, सगळं ठीक. मग फोटो काढून मोजलं तेव्हा समजलं. तो खाऊकडे बघत मान खाली घालून उभा होता आणि मागचे पाय पोटाखाली घेतले होते. मान खाली गेली की खांद्यांची हाडं सरकतात आणि उंचवटाच खाली बसतो.

आता पद्धत अशी : खाऊ नाकाच्या पातळीवर धरायचा, पुढचे पाय सरळ खाली, मागचे पाय टाचेच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतचा भाग उभा राहील इतके मागे. तीनदा मोजायचं आणि मधला आकडा घ्यायचा. सरासरी नको, कारण एक माप चुकीचं आलं की सरासरीलाही ओढतं. मधला आकडा टिकतो. ही पद्धत बसेपर्यंत डेनच्या एप्रिलमधल्या उंचीच्या नोंदी वाया गेल्या.

एक गोष्ट मात्र मापाची चूक नाही. डेन आणि लॅब दोघांचेही पुठ्ठे सध्या खांद्यांपेक्षा उंच आहेत. पुढचे आणि मागचे पाय एकाच वेगाने वाढत नाहीत. काही आठवड्यांत पुढची बाजू गाठते, मग पुन्हा मागची. अशा वयात फोटो बघून "पाठ उतरती आहे" असा शेरा देणाऱ्यांनी थोडं थांबावं.

९ जून

यॉर्कीचेही सोळा आठवडे झाले, त्यामुळे ज्याची वाट बघत होतो ते गणित आता मांडता येतं. सर्रास सांगितला जाणारा आडाखा : चार महिन्यांचं वजन दुप्पट करा, मोठेपणीचं वजन मिळेल.

प्रौढ वजनाचा अंदाज म्हणून मी आईबापांपैकी त्याच लिंगाच्या पालकाचं वजन धरलं. लॅबचा नर सोळा आठवड्यांना साडेपंधरा किलो, दुप्पट एकतीस, बाप बत्तीस किलोचा. छान जमलं. यॉर्कीची मादी १.७ किलो, दुप्पट ३.४, आणि आई २.८ किलोची. आडाखा जास्त सांगतो. डेनचा नर २४ किलो, दुप्पट ४८, बाप ६८ किलोचा. आडाखा वीस किलोने कमी पडतो.

म्हणजे सोळा आठवड्यांना यॉर्की साठ टक्के वाढून झालेली, लॅब अर्धा, डेन जेमतेम पस्तीस टक्के. तिघांचं वय तेच, पण वाढीच्या वाटेवर तिघं निरनिराळ्या ठिकाणी. लहान जातींची वाढ आठ ते दहा महिन्यांत आटोपते, महाकाय जातींना दीड ते दोन वर्षं लागतात. दुप्पट करण्याचा आडाखा मधल्या आकाराच्या कुत्र्यांवर बेतलेला आहे. तो तिथेच वापरावा.

मोठ्या पंजांचं पिल्लू मोठं होतं, हाही समज लॅबच्या वेतात तपासला. ज्यांचे आकडे येत आहेत त्या तिघांत पंज्यांची रुंदी आणि आजचं वजन यांचा क्रम जुळत नाही. आणि जन्मतः मागे पडलेली पिवळी पट्टी आज त्या तिघांत मधली आहे.

आकाराचं जनुकीय अंग थोडक्यात : २००७ साली आयजीएफ१ या जनुकाचा एक प्रकार लहान जातींत जवळपास सरसकट आढळला. हा बदल कुत्रा माणसाळल्यानंतर आला असावा अशी समजूत होती. २०२२ साली उलगडलं, की लहान आकार देणारा प्रकार जुना आहे, तो सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही सापडला. म्हणजे यॉर्कीचा लहानपणा माणसाने घडवला नाही, लांडग्यांत आधीच असलेला निवडून वाढवला. मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच.

१८ जून

डेनच्या घरी आज बराच वेळ गेला. एका पिल्लाची पुढची मनगटं किंचित पुढे झुकलेली दिसली, पंजे पसरट. त्या घरच्या काकांनी गेल्या काही आठवड्यांपासून कुणाच्या तरी सांगण्यावरून कॅल्शियमची पावडर सुरू केली होती. तयार खुराक मोठ्या जातीच्या पिल्लांचाच आहे, त्यावर ही पावडर.

काका म्हणाले, "अहो, एवढं मोठं हाड, त्याला कॅल्शियम कमी पडेल म्हणून घालतोय."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे बंद करायला लावली. "काका, या खुराकात ते मोजून घातलेलं असतं. मोठा कुत्रा जास्तीचं शोषून घेणं थांबवतो, पिल्लाला ते जमत नाही. वरून घातलेलं सगळं अंगात जातं आणि हाडच बिघडतं."

हे नुसतं मत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्याच पिल्लांवर हे दाखवलं गेलं : जास्त कॅल्शियम दिलेल्या पिल्लांच्या हाडांत आणि कूर्चेत विकृती आल्या. सहा महिन्यांच्या आतलं महाकाय जातीचं पिल्लू सगळ्यात नाजूक.

काकांनी लगेच ऐकलं, पिल्लावर त्यांचा जीव आहे. खुराकाचं प्रमाणही थोडं उतरवलं. या वयात डेनची पिल्लं आठवड्याला दीड किलोहून जास्त चढत आहेत. इतक्या वेगात नुसत्या किलोवर लक्ष ठेवलं तर "छान वाढतंय" एवढंच दिसतं. म्हणून वहीत आजपासून नवा रकाना : अंगकाठीचे गुण, १ (हडकुळं) ते ९ (लठ्ठ). बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. वाढत्या पिल्लासाठी ४ किंवा ५ ठीक. ज्या पिल्लाची मनगटं झुकली होती ते ६ वर होतं.

१० जुलै

मनगटं सरळ होत आली. गुण ५. वजनाची रेघ किंचित सपाट, उंची मात्र पूर्वीसारखीच चढती. खुराक आटोक्यात ठेवल्याने कुत्रा बुटका राहत नाही. तो त्याच उंचीला थोडा उशिरा पोहोचतो, आणि सांध्यांवरचा भार कमी राहतो.

लॅबच्या दोन नव्या मालकांनाही हे सांगितलं, कारण एकाचं पिल्लू गोल होत चाललं आहे. लॅब्रॅडोरवरचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांना वाचायला दिला. ४८ कुत्रे, भावंडांच्या जोड्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खुराक, तोही आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांध्यांचे त्रासही उशिरा सुरू झाले.

पिल्लांचं वजन ताडून बघायला वॉल्थम या पाळीव प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे २०१७ साली प्रसिद्ध झालेले तक्ते चांगले आहेत. प्रौढ वजनानुसार पाच गट, नर-मादी वेगळे, १२ आठवड्यांपासून दोन वर्षांपर्यंत. आपल्या पिल्लाची रेघ कोणत्या पट्ट्यात सुरू होते यापेक्षा ती पट्टा सोडून वर किंवा खाली जाते का, ते बघायचं. मात्र ते ४० किलोपर्यंतच आहेत, डेनला लागू नाहीत. डेनसाठी आईबापांची वजनं आणि पिल्लाची स्वतःची मागची रेघ, एवढाच आधार.

५ सप्टेंबर

यॉर्कीचा रंग बदलू लागला. घरच्यांना पटेना, मलाही फोटोंत दिसेना. फोनचा कॅमेरा दर वेळी प्रकाशानुसार रंग आपोआप बदलतो, त्यामुळे जूनचा काळा आणि सप्टेंबरचा काळा यांची तुलना निरर्थक. तेव्हापासून प्रत्येक फोटोत पिल्लाशेजारी एकच राखाडी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवतो आणि नंतर त्यावरून रंग जुळवतो. जुने फोटो या कामासाठी बाद.

खरं दर्शन फोटोत नाही, केसांत आहे. पाठीवरचा भांग पाडून पाहिलं तर टोकाकडे केस काळा कुळकुळीत आणि मुळाशी करडा रुपेरी. रंग वरून उडत नाही, नवा केस मुळातूनच फिका येतो. त्यामुळे केस कापलेल्या यॉर्कीत बदल आधी दिसतो, लांब केस राखलेल्यात उशिरा. पूर्ण रंग यायला दोन-तीन वर्षंही लागतात. केरी ब्लू टेरियरची पिल्लंही अशीच काळी जन्मतात आणि नंतर निळसर करडी होतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या रंगावरून मोठेपणीचा रंग ठरवणाऱ्याने आधी त्याच्या आईबापांना बघावं.

वजनाच्या बाबतीत यॉर्कीचं काम संपत आलं आहे. रेघ जवळपास आडवी.

३ फेब्रुवारी

डेनचं पहिलं वर्ष पुरं झालं. ज्या नराची मनगटं झुकली होती तो आज ८२ सेंटिमीटर. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या मानकात डेनच्या नराला किमान ८० आणि मादीला किमान ७२ सेंटिमीटर लागतात, म्हणजे उंचीत तो आत बसला. वजन ५६ किलो. बापापेक्षा बारा किलोने कमी, आणि हे अगदी योग्य आहे. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या मिटत आल्या की उंची थांबते, छाती आणि स्नायू भरायला आणखी वर्ष लागतं. काकांना कुणीतरी "हडकुळा आहे" म्हणालं होतं. त्यांनी वही उघडून दाखवली.

लॅबची उंची कधीच थांबली. पिवळी पट्टी ५६ सेंटिमीटरवर, नरासाठी मानक ५६ ते ५७. गोल होत चाललेला त्याचा भाऊ आता ५ गुणांवर आहे.

३० एप्रिल

डॅक्सहुंडचे पंधरा महिने काल भरले. एफसीआयच्या मानकात या जातीचे आकारगट वजनावर ठरत नाहीत, छातीच्या घेरावर ठरतात, आणि तो घेर पंधरा महिन्यांचं वय झाल्यावर मोजायचा असतो. जमिनीखालच्या बिळात शिरणारा कुत्रा, म्हणून बिळात मावेल की नाही ते सांगणारं माप.

टेप इथे योग्य, कारण घेरच मोजायचा आहे. कोपरांच्या लगेच मागे, छाती सगळ्यात खोल असते तिथे. श्वास सोडल्यावर, आणि जेवणाआधी. टेप केसांवर सैल ठेवली की दीड सेंटिमीटर वाढतो, ओढली की कमी होतो. म्हणून टेपच्या टोकाला छोटा स्प्रिंगकाटा लावून दर वेळी सारखाच ताण दिला. आता एकापाठोपाठ घेतलेली मापं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत येतात. पायाचं धडाशी प्रमाण सहाव्या दिवशी होतं त्याहून किंचित कमीच. लॅबचं जवळपास निम्म्यावर गेलं आहे.

६ ऑगस्ट

डेनची उंची गेल्या काही महिन्यांत ८४ वर थांबली आहे, सगळी मापं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. उंचीचा रकाना आज बंद केला. वजन ६३, गुण ५, अजून चढतं आहे, म्हणून ते महिन्यातून एकदा चालू ठेवतो. चौकट ताईंकडे पोहोचवली, त्यांची लॅब पुन्हा गाभण आहे. सोबत कोऱ्या तक्त्याचा कागद दिला, त्यात रकाने एवढेच : तारीख, वय आठवड्यांत, वजन (दूध किंवा खाण्याआधी), उंची (तिनांतलं मधलं माप), पुढचा पाय, धड, अंगकाठीचे गुण, आणि शेवटी मोकळी जागा शेऱ्यासाठी. मुस्कटाची लांबी गाळली. आठ आठवड्यांनंतर पिल्लू कॅलिपर नाकाजवळ येऊ देत नाही आणि माप भरवशाचं राहत नाही.